बहुविभागीय संघटनरचना

मोठ्या कंपनीचे उत्पादनांनुसार वा प्रदेशांनुसार विभाग पाडून प्रत्येकाच्या नफातोट्याची जबाबदारी विभागप्रमुखावर सोपविण्याची, आणि धोरण व भांडवलवाटप मुख्यालयाकडे राखण्याची व्यवस्थापनपद्धती. खरेदी, उत्पादन, विक्री अशी कामवार खाती असलेल्या कार्यात्मक रचनेहून ती भिन्न आहे.

तिचा उगम साधारणतः १९२० च्या सुमारास अमेरिकेत झाला, असे मानतात. श्रेयाबद्दल मात्र मतभेद आहेत. उद्योगेतिहासकार ॲल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ मध्ये ड्यू पाँ (रसायने), जनरल मोटर्स (मोटारी), स्टँडर्ड ऑइल (न्यू जर्सी) (खनिज तेल) व सीअर्स (किरकोळ विक्री) या चारही अमेरिकन कंपन्या बव्हंशी स्वतंत्रपणे या रचनेकडे आल्या, असे प्रतिपादिले. पहिल्या दोहोंबाबत हे जपूनच घ्यावे लागते. ड्यू पाँ कंपनीचे माजी अध्यक्ष पिएर ड्यू पाँ १९२० अखेर जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले आणि लवकरच डॉनल्डसन ब्राउन हे ड्यू पाँमधील वित्ततज्ज्ञही तेथे आले. तथापि जनरल मोटर्समधील अधिकारी ॲल्फ्रेड स्लोन यांचा संघटन-आराखडा ड्यू पाँच्या फेररचनेहून आधीचा आहे. उसनवारी झाली ती रचनेपेक्षा हिशेबपद्धतीची, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. विक्रीवरील नफ्याचे प्रमाण गुणिले भांडवलाची उलाढाल (विक्री भागिले भांडवल) म्हणजे गुंतवणुकीवरील परतावा, हे ब्राउन यांचे सूत्र. विभागाच्या कारभारात हात न घालता त्याला जाब विचारणे मुख्यालयाला त्यामुळे शक्य झाले.

ड्यू पाँ ही मूळची स्फोटकांची कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर ती रंग, रसायने यांकडे वळली. पण टनांवारी माल खपविण्यास सरावलेल्या विक्रीखात्याला दुकानदारांना रंगाचे लहान डबे विकणे जमेना. १९२० मध्ये सुचविलेली विभागवार रचना अध्यक्ष इरेने ड्यू पाँ यांनी विशेषीकरणाच्या तत्त्वाला बाधक म्हणून नाकारली. स्फोटके वगळता इतर धंदे तोट्यात गेल्यावर सप्टेंबर १९२१ मध्ये तीच स्वीकारावी लागली.

जनरल मोटर्सची अडचण नेमकी उलट होती. संस्थापक विल्यम ड्युरंट यांनी १९०८ पासून जोडलेल्या कंपन्यांवर केंद्राचा अंकुश जवळजवळ नव्हता. १९२० च्या मंदीतही या कंपन्यांची मालखरेदी चालूच राहिली. तेथे विभागांना मोकळीक नव्हे, तर लगाम हवा होता. पुढे १९२३ मध्ये तांब्याच्या पातळ पट्ट्यांद्वारे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या शेव्हरोले गाड्या परत मागवाव्या लागल्या. विभागप्रमुखांचा विरोध असता ते इंजिन वरून लादले गेले होते. त्याच वर्षी अध्यक्ष झालेल्या स्लोन यांनी तांत्रिक बाबींसाठी आंतरविभागीय समिती नेमली.

धोरण वर व अंमल खाली, अशी काटेकोर फाळणी अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हर विल्यम्सन यांच्या सिद्धांतात आढळते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्रीलंड यांनी २००१ मध्ये दाखविले, की जनरल मोटर्समध्ये विभागप्रमुख धोरण ठरविण्यातही सहभागी असत. समित्यांचा इतिहास पाहता हे मत ग्राह्य वाटते.

जनरल मोटर्समधील विभागांची स्वायत्तता पुढे आक्रसत गेली. १९८४ मध्ये कंपनीप्रमुख रॉजर स्मिथ यांच्या कारकिर्दीत मोटारविभागांचे दोन मोठे गट करण्यात आले.