निवडुंगाचे बोंड

फड्या निवडुंगाला लागणारे खाद्य फळ. फड्या निवडुंग कॅक्टेसी कुलातील ओपुन्शिया प्रजातीत मोडतो. या प्रजातीचे मूलस्थान अमेरिका खंडात असून, फळासाठी जगभर लागवड होते ती मुख्यतः मेक्सिकोकडील ओपुन्शिया फिकस-इंडिका या जातीची. गोव्यात ही लागवड रुळलेली नाही. तेथे परिचयाचा आहे तो जांभ्या दगडाच्या गडग्यांवर आणि किनाऱ्यालगतच्या कोरड्या जागी आपोआप वाढणारा रानटी निवडुंग, आणि त्याच्या बोंडाच्या चवीवरून लागवडीच्या फळाची परीक्षा करणे योग्य नव्हे.

लागवडीच्या पिकलेल्या फळात साधारणपणे १२ ते १५ टक्के साखर असते. ती बहुतांशी ग्लुकोज व फ्रुक्टोज या रूपांत असते आणि आम्ल मात्र नाममात्र असते, त्यामुळे गोडी सरळ व सौम्य लागते. आंबटपणाचा आधार नसल्याने काहींना ती अगदीच मिळमिळीतही वाटते. वासही मंद असतो. काकडी व खरबूज यांच्या गंधास कारणीभूत असणारी संयुगे या फळातही असल्यामुळे पहिला घास कलिंगडाच्या सालीजवळच्या भागाची आठवण करून देतो. रानटी जातींची बोंडे लहान, गडद जांभळी आणि पुष्कळ अधिक आंबट असतात; त्यांत गर थोडा आणि बिया फार. भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, सरबतावर वाढलेल्या गोमंतकीय जिभेला बहुधा हीच अधिक रुचावीत.

चवीपेक्षा पोत लक्षात राहतो. गर रसाळ पण किंचित बुळबुळीत असतो, कारण दुष्काळात पाणी धरून ठेवणारा चिकट द्रव फळातही उतरलेला असतो. गरात विखुरलेल्या शेकडो बिया इतक्या टणक असतात की त्या चावण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. त्या गरासह गिळतात किंवा गर गाळून घेतात. मात्र एका बैठकीत बियांसह फार फळे खाल्ल्यास तीव्र बद्धकोष्ठ होऊ शकतो.

बोंडाचा लाल रंग बीटातील रंगद्रव्याच्याच, म्हणजे बीटालेन गटातील असतो, तर भिरंडीचा अँथोसायनिन गटातील. बीटालेन उष्णतेने लवकर विघटित होत असल्याने हा रस फार वेळ उकळल्यास रंग मातकट होतो. सरबतासाठी साखरेचा पाक वेगळा करून, थंड झाल्यावर त्यात रस मिसळणे बरे. लाल फळे खाल्ल्यानंतर काहींची लघवी तांबूस होते. ती निरुपद्रवी असली तरी माहिती नसलेला माणूस घाबरतो.

खरी अडचण काट्यांची आहे. मोठे काटे दिसतात, टाळता येतात. पण सालीवरील ठिपक्यांत केसांसारखी बारीक कुसळे झुपक्यांनी असतात. त्यांना उलटे दात असल्याने ती कातडीत रुतली की सहज निघत नाहीत. म्हणून फळ चिमट्याने तोडून वाळूत किंवा जाड पोत्यावर घोळतात किंवा जाळावर फिरवतात. मग दोन्ही टोके कापून सालीला उभी चीर दिली, की जाड साल एका पट्टीत उलगडते आणि गराचा लंबगोल गोळा हाती येतो.

मराठीत निवडुंग हे नाव युफोर्बिया प्रजातीतील काटेरी झुडपांनाही दिले जाते. त्यांचा पांढरा, दुधासारखा चीक त्वचेला व डोळ्यांना दाहक असून पोटात गेल्यास अपायकारक ठरतो. फड्या निवडुंगाचे चपटे पेर मोडल्यास असा चीक येत नाही, पाणचट चिकट द्रव येतो. ओळख पटविण्यासाठी ही खूण पुरेशी आहे.

कोरड्या हवेत पिकलेले फळ अधिक गोड असते, आणि पिकताना जोराचा पाऊस लागला तर ते फुटते वा सडते. सिसिलीत जूनच्या सुमारास पहिली फुले मुद्दाम झोडून टाकतात. त्यानंतर येणाऱ्या दुसऱ्या बहराची फळे शरद ऋतूत पिकतात आणि ती अधिक मोठी, रसाळ व कमी बियांची असतात. जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस झेलणाऱ्या गोव्यात फळासाठी निवडुंग लावायचाच झाल्यास उताराची, पाणी न साचणारी जमीन निवडावी लागेल आणि फळ कोरड्या महिन्यांतच पिकेल असे पाहावे लागेल.