सायकल तीच, हिशेब दोन

सायकल म्हणजे प्रदूषण नाही, हे एकदा डोक्यात बसलं की सायकलच्या नावाने चालणारं सगळंच हिरवं दिसायला लागतं. सायकलने कामावर जाणारी बाई आणि टूर डी फ्रान्स या फ्रान्समधल्या सायकल शर्यतीत घाट चढणारा सायकलपटू एकाच पुण्यकर्मात आहेत असं आपण धरून चालतो. ही वडाची साल पिंपळाला लावणं झालं. यंत्र एकच आहे, पण पर्यावरणाचा हिशेब यंत्रावर लागत नाही, फेरीवर लागतो.

वाहतुकीची सायकलही अगदी निष्कलंक नसतेच. युरोपियन सायकलिस्ट्स फेडरेशनने 2011 मध्ये मांडलेल्या हिशेबात सायकलच्या एका किलोमीटरमागे साधारण 21 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला होता. त्यातले 5 ग्रॅम सायकल बनवण्याचे आणि सांभाळण्याचे. उरलेले 16 चक्क जेवणाचे, कारण पायडल मारायला जास्तीचं अन्न लागतं आणि ते पिकवायला, वाहून आणायला इंधन जळतं. (ताटात काय वाढलंय त्यावर हा आकडा बराच हलतो.) त्याच हिशेबात मोटारीच्या वाट्याला दर प्रवाशामागे, दर किलोमीटरला 271 ग्रॅम आले होते. म्हणून मोठी गोष्ट सायकलचे 21 ग्रॅम ही नाही. मोटारीचे 271 टळले, ही आहे. जिथे चालतच जायचं होतं तिथे सायकल काढली तर आपला वेळ वाचतो, हवेला त्यातून काही मिळत नाही. मोटार घरी राहिली तर मात्र मिळतं, आणि भरपूर मिळतं. युरोपातल्या सात शहरांमधल्या लोकांचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. रोजची एक फेरी मोटारीऐवजी सायकलने करणारा माणूस वर्षाला साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइड वाचवतो, असं त्यात दिसलं.

आता शर्यतीतली सायकल घ्या. तिच्यामुळे कोणती मोटार घरी राहिली? एकही नाही. उलट ती मोटारींचं लटांबर बरोबर घेऊनच निघते. टूर डी फ्रान्स म्हणजे 21 टप्पे, साधारण 3,400 किलोमीटर आणि पावणेदोनशेच्या आसपास सायकलपटू. प्रत्येक संघाच्या गाड्या छतावर सुट्या सायकली लादून मागे धावतात. संघांच्या बस आणि ट्रक दुसऱ्या रस्त्याने पुढच्या मुक्कामी पोहोचतात. पंच मोटारसायकलवर, कॅमेरे मोटारसायकलवर आणि हेलिकॉप्टरमध्ये. शर्यतीच्याही पुढे जाहिरातदारांचा ताफा निघतो आणि रस्त्याकडेच्या लोकांवर टोप्या, किचेन, खाऊच्या पुड्या उधळत जातो. ही प्रथा 1930 पासूनची आहे. त्यात एक टप्पा जिथे संपला तिथूनच पुढचा सुरू होईल असंही नाही. 2018 ची इटलीची जिरो शर्यत जेरुसलेमला सुरू झाली. तीन टप्पे इस्रायलमध्ये झाले आणि मग सगळा कारभार विमानाने सिसिलीला. वर्षाचा हंगामही जानेवारीत ऑस्ट्रेलियात उघडतो, फेब्रुवारीत आखाती देशांत जातो आणि ऑक्टोबरमध्ये चीनला पोहोचतो.

एवढं सगळं असूनही हेलिकॉप्टर हा मुख्य गुन्हेगार नाही, आणि मला या विषयातला सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो. टूरच्या आयोजकांनी 2021 च्या शर्यतीच्या कार्बन डायऑक्साइडचा स्वतःच हिशेब केला. तो सुमारे 2 लाख 16 हजार टन निघाला आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा प्रेक्षकांच्या प्रवासाचा होता. शर्यतीला तिकीट नाही, लोक लाखोंनी येतात आणि बहुतेक मोटारीने येतात. सायकल पाहायला मोटारीने! या खेळाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. रस्त्यावरच्या शर्यतीला स्टेडियम बांधावं लागत नाही, प्रकाशझोत लागत नाहीत. आहे तो रस्ता काही तास बंद केला की झालं.

प्रायोजकांचं प्रकरण थोडक्यात. 2018 च्या टूरमध्ये स्काय संघाने समुद्रातल्या प्लास्टिकविरुद्ध मोहीम म्हणून पाठीवर किलर व्हेलचं चित्र असलेली जर्सी घातली. पुढच्याच वर्षी तो संघ इनिओसच्या नावाने धावू लागला. ही कंपनी प्लास्टिकचा कच्चा माल बनवते. यावर वेगळी टिप्पणी नको.

कचऱ्याचा नियम त्याहून सुरस. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने ठरवलं, की रिकामी बाटली नेमून दिलेल्या जागीच टाकायची. त्याच वसंतात टूर ऑफ फ्लँडर्स या बेल्जियममधल्या शर्यतीत स्विस सायकलपटू मिखाएल शेरने रस्त्याकडेच्या प्रेक्षकांकडे बाटली भिरकावली आणि तो थेट शर्यतीबाहेर गेला. मिळालेली बाटली प्रेक्षक घरी जपून ठेवतात, ती कचऱ्यात जात नाही, असा ओरडा झाला आणि काही दिवसांतच शिक्षा सौम्य करावी लागली. प्रेक्षक तिथवर कशाने आले यावर महासंघाचा काही नियम नव्हता.

शर्यती पाहून लोक सायकलकडे वळतात, असा एक युक्तिवाद असतो. थोडं तथ्य असेलही. पण टूर 1903 पासून चालू आहे आणि फ्रान्समधल्या एकूण फेऱ्यांपैकी सायकलच्या फेऱ्या अगदी अलीकडेही तीन टक्क्यांच्या आसपासच होत्या. नेदरलँड्समध्ये हेच प्रमाण चौथ्या हिश्श्याहून जास्त आहे. तिथे कारण वेगळं होतं. रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्या मुलांसाठी 1970 च्या दशकात पालक रस्त्यावर उतरले, 1973 चं तेलसंकट आलं आणि पुढे सायकलचे वेगळे रस्ते बांधले गेले.

सीमारेषेवरचा माणूस म्हणजे हौशी सायकलस्वार. रविवारी सायकल मोटारीवर बांधून घाटापर्यंत न्यायची, तीन तास घाम गाळायचा आणि मोटारीनेच परतायचं. तब्येतीला उत्तम. हवेच्या हिशेबात मात्र तो टूरवाल्यांच्या रांगेत बसतो.

दोन्ही सायकली एकाच गावात पाहायच्या तर नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला. 2015 ची टूर तिथूनच सुटली. 2019 मध्ये तिथल्या रेल्वे स्थानकाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ पुरा झाला. शर्यतीची सायकल 6.8 किलोहून हलकी असून चालत नाही, असा महासंघाचा नियम आहे. तळावरच्या मडगार्ड, दिवा, टोपली लावलेल्या दणकट सायकली त्याच्या दुपटीहून जड भरतील, पण तिथे वजनकाटा ठेवायची गरज कुणाला वाटलेली नाही.