तीन मिनिटांची तबकडी आणि नागपूरचे जी. एन. जोशी

नागपूरच्या गाण्याबजावण्याचा विषय निघाला की वसंतराव देशपांड्यांचं नाव आधी येतं, आणि ते यायलाच हवं. पण ध्वनिमुद्रणाचा इतिहास सांगताना जी. एन. जोशी या वकिलाला वगळून चालणार नाही.

भारतात ग्रामोफोन कंपनीचं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात झालं. गायिका गौहर जान ध्वनिमुद्रण यंत्राच्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्या आवाजात गायल्या आणि शेवटी त्यांनी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून. या तबकड्या बनवायला लाख हा राळेसारखा पदार्थ लागे. आपल्या मध्य प्रांतातल्या पळस-कुसुमाच्या झाडांवरूनही ती गोळा व्हायची, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. ख्याल गाणाऱ्यांची त्यात कुचंबणा होई. कवितेला मात्र तेवढी जागा पुरेशी होती. त्यातच १९२५ पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला आणि हळुवार आवाजही तबकडीवर उतरू लागला. भावगीताला नेमकं हेच हवं होतं. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जोशींनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गायली आणि ती घराघरांत पोचली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना या तबकडीचा उल्लेख होतोच. कवी विदर्भाचा आणि गायकही इथलाच, याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढे वकिली सोडून जोशी मुंबईला एचएमव्ही या ध्वनिमुद्रण कंपनीत गेले आणि काचेपलीकडे बसून इतरांचं गाणं टिपू लागले. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथेच आहे. स्वतः गाणाऱ्या माणसाला समोरच्याचा गळा कधी तापला, कुठे थांबायचं, हे कळतं.

१९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त वेळ मिळू लागला. तिचा उत्तम उपयोग जोशींनीच करून दाखवला. १९६७ मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’साठी त्यांनी शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार एकत्र आणली. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, प्रहराप्रहराच्या रागांतून. संतूर आणि गिटार ही वाद्यं रागसंगीतात तेव्हा नवखीच होती. या तबकडीने ती परदेशातल्या श्रोत्यांपर्यंतही नेली.