पॅरिटी दुरुस्तीत नेमकं काय दुरुस्त होतं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या सीएनसी वर्कशॉपची ड्रॉइंग, निपाणी-चिकोडीकडच्या फोटो स्टुडिओंचं लग्नसराईचं शूटिंग, छापखान्यांच्या जुन्या फायली, असा डेटा अनेक ठिकाणी साध्या पीसीत चार हार्डडिस्क बसवून लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेड-५ वर, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशा जोडणीवर, ठेवलेला असतो. पावसाळ्यात वीज जाते, येते, मशीन पुन्हा चालू होतं. मग कधीतरी तपासणीत मिसमॅचचा, म्हणजे डिस्कमधला हिशेब न जुळण्याचा, आकडा शून्याऐवजी १२८ दिसतो आणि कुणीतरी सांगतं, ‘रिपेअर मारून टाका.’ तो सल्ला ऐकण्याआधी रेडची ही सोय कुठून आली, ते पाहिलेलं बरं.

बिघडलेल्या साठवणीतला डेटा उरलेल्यांवरून परत मिळवण्याच्या पद्धतीचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना १९७८ मध्ये मिळालं. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी आपल्या निबंधात रेडच्या १ ते ५ पातळ्या मांडल्या. स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या आणि त्यातली एक गेली तरी काम चालू ठेवायचं, हा त्यामागचा विचार. त्यात एक गोष्ट गृहीत होती: डिस्क बिघडली की ती तसं कळवते. कुठली डिस्क गेली हे माहीत असेल तर बाकी गणित सोपं आहे.

तीन डिस्कवर १३, ६ आणि ९ हे आकडे आहेत असं धरा. बायनरीत ११०१, ०११० आणि १००१. त्यांचा एक्सॉर (एखाद्या स्थानी १ विषम वेळा आला तर १, नाहीतर ०) ००१०, म्हणजे २. हीच चौथ्या डिस्कवरची पॅरिटी, म्हणजे पडताळणीचा जादा आकडा. ६ असलेली डिस्क बंद पडली तर १३, ९ आणि २ यांचा एक्सॉर काढायचा, ६ परत मिळतो. आता डिस्क बंद न पडता त्या ६ चा गुपचूप ७ झाला, तर हिशेब जुळत नाही एवढंच कळतं. चूक १३ मध्ये आहे, ७ मध्ये, ९ मध्ये की पॅरिटीतच, हे एका समीकरणातून कधीच कळणार नाही.

लिनक्सचा एमडी ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअर रेड चालवणारा भाग, नव्वदच्या दशकातला. २००१ पासून नील ब्राऊन यांचं तो सांभाळणारं एमडीएडीएम हे साधन आलं. पुढे २००५-०६ च्या सुमारास चालू ॲरेची, म्हणजे जोडलेल्या डिस्कच्या संचाची, पूर्ण तपासणी करण्याची सोय झाली. ॲरेच्या सिंक-ॲक्शन फाइलमध्ये ‘चेक’ लिहिलं की सगळे पट्टे (एका पॅरिटीनं बांधलेले सगळ्या डिस्कवरचे तुकडे) वाचले जातात. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कचा छोटा भाग, वाचताच आला नाही, तर बाकीच्या डिस्कवरून तो काढून पुन्हा लिहिला जातो. ही दुरुस्ती खरी आहे, कारण इथे दोषी डिस्कनं स्वतःच सांगितलेलं असतं. पण सगळं नीट वाचलं आणि तरी हिशेब चुकला, तर ‘चेक’ फक्त मोजतं. ‘रिपेअर’ मात्र डेटा बरोबर आहे असं धरून पॅरिटी नव्यानं लिहितं. वरच्या उदाहरणात १३, ७ आणि ९ यांची पॅरिटी ३ होईल, हिशेब जुळेल आणि ६ परत मिळवण्याचा शेवटचा पुरावा पुसला जाईल.

विजेनंतर हेच गृहीतक बहुतेकदा योग्य ठरतं. डेटा एका डिस्कवर लिहिला गेला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली, तर मागे राहिलेली असते ती पॅरिटीच. म्हणून अर्धवट बंद झालेल्या ॲरेची पॅरिटी एमडी सुरू होतानाच नव्यानं बनवतं. ‘राइट-इंटेंट बिटमॅप’ (कुठे लिहिणं चालू होतं याची नोंद) असेल तर फक्त तेवढेच भाग. खरा धोका असतो एक डिस्क आधीच बाद असताना वीज जाण्यात. मग शिळ्या पॅरिटीवरून बाद डिस्कचा डेटा चुकीचा निघतो, तोही त्या वेळी कुणी हात न लावलेल्या फायलींचा. म्हणूनच एमडी असा ॲरे जबरदस्ती केल्याशिवाय सुरू करत नाही. या भगदाडावर २०१६ मध्ये कर्नल ४.४ सोबत वेगळ्या एसएसडीवरचं जर्नल (ॲरेवर लिहिण्याआधी ठेवलेली नोंद) आलं आणि २०१७ मध्ये ४.१२ सोबत रेड-५ साठी पीपीएल, म्हणजे अर्धवट पॅरिटीची नोंद. खानापूरकडे यूपीएसची बॅटरी बदलणं मात्र या दोन्हींहून आधी करायचं काम आहे.

वीज न जाताही मिसमॅच आला तर ‘रिपेअर’ला हात लावू नका. आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो आणि रेड-५ वर आठ-आठनं वाढतो. १२८ म्हणजे चार किलोबाइटच्या सोळा जागा. प्रत्येक डिस्कचं स्मार्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) पाहा: १९७ क्रमांक म्हणजे न वाचता येणारे सेक्टर, १९९ वाढत असेल तर बहुधा सॅटा केबल. मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालवा, कारण खराब रॅम निरोगी डिस्कवरही चुकीचं लिहिते. मग ‘चेक’ पुन्हा चालवा. दर वेळी आकडा बदलत असेल तर दोष रॅम, केबल किंवा कंट्रोलरमध्ये शोधा. तो स्थिर असेल तर फायली बॅकअपशी चेकसमनं (मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्यानं) ताडून पाहा, बिघडलेल्या फायली बॅकअपवरून परत घाला, आणि मगच ‘रिपेअर’. त्यानंतरही जुना आकडा दिसेल, कारण ‘रिपेअर’सुद्धा मोजत जातं, शून्य पुढच्या ‘चेक’मध्ये यायला हवा. ४ टीबीच्या डिस्कना सेकंदाला १५० एमबीच्या वेगानं एका फेरीला साडेसात तास लागतात.

रेड-६ मध्ये दुसरं समीकरण असतं. लिनक्समध्ये ते एच. पीटर ॲनविन यांनी आणलं. एकच डिस्क खोटं सांगत असेल तर ती कुठली, हे त्यातून गणितानं काढता येतं. तरीही एमडीचं ‘रिपेअर’ तिथेही दोन्ही पॅरिटी फक्त नव्यानं लिहितं. दोषी डिस्क शोधायला एमडीएडीएमच्या सोर्ससोबतचं ‘रेड-६-चेक’ वेगळं चालवावं लागतं. रेड-५ वर हे हवं असेल तर प्रत्येक डिस्कवर आधी डीएम-इंटिग्रिटीचा, म्हणजे प्रत्येक भागाचा चेकसम ठेवणारा, थर द्यावा. चेकसम चुकला की तो थर वाचनच नाकारतो, आणि एमडीला दोषी कोण ते कळतं. लिहिण्याचा वेग कमी होतो, आणि थर ॲरे बनवण्याआधीच द्यावा लागतो. चालू ॲरेवर तो चढवायचा तर डेटा आधी दुसरीकडे हलवावा लागेल.