ट्रॉम्बेच्या गरजेतून उभी राहिलेली ईसीआयएल

इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजेच ईसीआयएल, ही हैदराबादची कंपनी. मतदानयंत्रांमुळे तिचं नाव सगळ्यांना माहीत झालं. पण तिची मुळं मुंबईत, ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रात आहेत. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनहून आलं होतं, पण नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अय्यगारी सांबशिव राव यांच्या गटाने इथेच तयार केली.

अणुभट्टी चालवायची तर किरणोत्सार मोजणारी उपकरणं जागोजागी लागतात. त्यातलं सर्वांत ओळखीचं म्हणजे गायगर-म्युलर नळी. तिच्यात कमी दाबाचा निऑन किंवा अरगॉन असतो आणि मधून बारीक तार जाते. साधारण ९०० व्होल्टवर चालणाऱ्या नळीत किरण शिरला की वायूत विजेचा क्षणिक लोंढा उठतो आणि एक नोंद होते. हा लोंढा थांबवायला वायूत अल्कोहोलची वाफ किंवा थोडा हॅलोजन (क्लोरीन किंवा ब्रोमीनसारखा पदार्थ) मिसळतात. अल्कोहोलचे रेणू दर नोंदीला तुटतात, त्यामुळे अशी नळी काही काळाने निकामी होते. हॅलोजनचे रेणू पुन्हा जुळतात, म्हणून ती नळी जास्त टिकते.

मुंबईत खरा त्रास देतो तो पावसाळा. नळीच्या सॉकेटवर ओलाव्याचा आणि धुळीचा थर बसला की त्यातून वीज झिरपते. समजा, तारेला १० मेगाओहमच्या रोधकातून ९०० व्होल्ट दिले आहेत आणि थराचा रोध १०० मेगाओहम आहे. मग नळीपर्यंत जेमतेम ८१८ व्होल्ट पोचतात. तिचा स्थिर पट्टा, म्हणजे ज्या व्होल्टेजमध्ये नोंदींचा आकडा जवळपास सारखा राहतो तो टप्पा, ८५० पासून सुरू होत असेल, तर काही किरण मोजलेच जात नाहीत. आकडा कमी दिसतो, माणूस निर्धास्त राहतो. बंद पडलेल्या मीटरपेक्षा हे जास्त धोक्याचं. उपाय सोपा आहे: वीज बंद करून वीज साठवणारा कपॅसिटर रिकामा करायचा, सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, नीट वाळवायचं, आणि पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवायची. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदलायची.

अशी उपकरणं प्रयोगशाळेत एकेक करून बनवता येतात, पण देशभर पुरवायची तर कारखानाच हवा. होमी भाभांच्या अध्यक्षतेखालच्या इलेक्ट्रॉनिक्स समितीने १९६६ मध्ये स्वदेशी उत्पादनाचाच आग्रह धरला. ११ एप्रिल १९६७ ला अणुऊर्जा विभागाने ईसीआयएल स्थापन केली आणि सूत्रं राव यांच्याकडे दिली. ट्रॉम्बेत घडवलेला १२ बिटांचा टीडीसी-१२ संगणक १९६९ मध्ये आला आणि या कंपनीने त्याचं उत्पादन केलं. नंतर टीव्ही, मतदानयंत्रं, संरक्षणदलांसाठीची उपकरणं असा पसारा वाढला. बंगळुरूजवळच्या ब्यालालू इथला ३२ मीटर व्यासाचा अँटेनाही ईसीआयएलनेच उभारला. २००८ मध्ये चांद्रयान-१ शी संपर्क ठेवायला तो वापरला गेला.