सुडेक की साउडेक? प्रागच्या दोन छायाचित्रकारांची गल्लत कशी टाळायची

‘फोटोग्राफ’ हा 2015 चा चेक चित्रपट पाहिला की नायकाची खरी छायाचित्रं शोधावीशी वाटतात. शोधताना आडनावात एक अक्षर चुकलं, की भलताच माणूस हाती लागतो. समोर येते दव धरलेली खिडकीची काच, धुक्यातली झाडं, अर्धा भरलेला पाण्याचा पेला. चित्रपटातल्या उघड्या बायका, भडक रंग, भांडणं यांचा मागमूस नाही. चित्रपट यान साउडेक यांच्यावर आहे आणि ही चित्रं योसेफ सुडेक यांची. दोघंही प्रागचे, दोघांचंही गाजलेलं काम एकेका लहानशा खोलीत झालेलं. त्यामुळे परिचय वाचूनही घोळ मिटत नाही.

सुडेक वयाने चाळीसेक वर्षांनी मोठे. जन्म 1896, गाव कोलिन. शिक्षण पुस्तकबांधणीचं. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी झाले आणि उजवा हात खांद्यापासून गेला. एका हाताने बांधणी होणार नव्हती, म्हणून ते पुरते छायाचित्रणाकडे वळले. 1976 मध्ये प्रागमध्येच वारले. साउडेक यांचा जन्म 1935 चा. वडील ज्यू, त्यामुळे नाझींच्या काळात कुटुंबाची होरपळ झाली. पुढे 1983 पर्यंत ते छापखान्यात कामगार होते. छायाचित्रण हे कामाचे तास संपल्यावरचं.

दोघांना वेगळं करणारी खरी गोष्ट डार्करूममध्ये आहे, आणि चित्रपट नेमकी तीच फारशी दाखवत नाही.

1940 मध्ये सुडेक यांनी 1900 च्या सुमाराचा, एका पुतळ्याचा मोठा काँटॅक्ट प्रिंट पाहिला आणि त्यानंतर एनलार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून छापणारं यंत्र, जवळजवळ सोडूनच दिला. काँटॅक्ट प्रिंट म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेलं चित्र. जेवढी निगेटिव्ह तेवढंच चित्र; 30 × 40 सेंटिमीटरचा प्रिंट हवा तर कॅमेराही तेवढी निगेटिव्ह पेलणारा लागतो. एका हाताचा माणूस असली धुडं तिकाटण्यासकट टेकडीवर नेत असे.

या पद्धतीत चुकायला जागा भरपूर. निगेटिव्हची इमल्शनची, म्हणजे प्रकाशसंवेदी थराची, बाजू कागदाच्या इमल्शनला भिडलीच पाहिजे. उलटी ठेवली तर चित्र आरशातल्यासारखं उलटतं आणि कडाही जराशा विरघळतात. निगेटिव्ह आणि कागद दाबून धरणाऱ्या काचेच्या फ्रेमचा दाब सगळीकडे सारखा नसेल तर एखादाच कोपरा मऊ पडतो. काचेवरचा धुळीचा कण प्रकाश अडवतो, म्हणून प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो. हवा दमट असेल तर काच आणि फिल्म चिकटून तेलकट गोल वलयं दिसतात. शिवाय मोठा कॅमेरा वस्तूच्या जवळ नेला की भाता, म्हणजे लेन्स आणि निगेटिव्हमधली घडीची पेटी, लांबवावा लागतो. वस्तू निगेटिव्हवर खऱ्या आकाराची यावी एवढा तो लांबवला तर एक्स्पोजर चौपट लागतं. त्यात जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं छिद्र बारीक आणि खोलीत उजेड कमी. अशा मंद प्रकाशात फिल्मची संवेदनक्षमताही घटते, म्हणजे हिशोबाने निघालेली वेळसुद्धा अपुरीच. सुडेक यांची एक्स्पोजरं लांबलचक का असत, याचं उत्तर यात आहे. काचेवरचे थेंब ओघळले तरी त्यांना चालत असे.

प्रागच्या रुंद दृश्यांसाठी त्यांनी जुना कोडॅक पॅनोरामा कॅमेरा वापरला. त्यातली लेन्स स्प्रिंगवर फिरते आणि साधारण 10 × 30 सेंटिमीटरची निगेटिव्ह देते. कॅमेरा थोडा जरी पुढे-मागे कलला तरी क्षितिज वाकतं. समोरून आडवा जाणारा सरळ रस्ता तर पातळी बिनचूक असूनही कमानीसारखा दिसतो. 1959 च्या त्यांच्या पुस्तकात अशी 284 दृश्यं आहेत. ती पाहताना या वाकलेल्या रेषा मुद्दाम शोधाव्यात. कुठे त्यांनी वाकणं लपवलंय आणि कुठे पुलाच्या किंवा नदीच्या वळणात मुरवलंय, हे लक्षात आलं की त्यांची खरी हुशारी कळते.

साउडेक यांची कारागिरी निगेटिव्ह तयार झाल्यावर सुरू होते. त्यांचा कॅमेरा साधा: फ्लेक्सारेट, 6 × 6 सेंटिमीटरची चौकोनी निगेटिव्ह देणारा चेकोस्लोव्हाकियातच बनलेला ट्विन लेन्स, म्हणजे बघायला एक आणि टिपायला एक अशा दोन लेन्सचा कॅमेरा. 1972 पासून जागा ठरलेली, झिझ्कोव भागातलं एक तळघर. पोपडे सुटलेली, ओल धरलेली भिंत त्यांच्या शेकडो चित्रांत मागे दिसते. चित्रातली खिडकी बऱ्याचदा आभाळ चिकटवलेली असते. कम्युनिस्ट राजवटीच्या नजरेआड काम करायचं तर अशीच जागा बरी. 1970 च्या दशकात ते कृष्णधवल प्रिंट हाताने रंगवू लागले.

आपल्याकडे वाड्यांत आजोबांचा गुलाबी गालांचा फोटो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तंत्र नवं नाही. अडचणीही त्याच. प्लास्टिकचा थर असलेला चकचकीत कागद रंग नीट पीत नाही. मॅट, तंतुमय कागदच लागतो. प्रिंट नेहमीपेक्षा फिकट काढावा लागतो, कारण चांदीच्या गडद काळ्यावर कुठलाच रंग उठत नाही. आधी सेपिया टोनिंग करून प्रिंट तपकिरी केला तर त्वचेचा रंग सहज बसतो. थंड करड्यावर तोच रंग प्रेतासारखा दिसतो. रंग पातळ करून थरावर थर द्यायचा. एकदम जाड लावला तर सुकताना कडेला डागाची रेघ राहते. आणि बरेच रंग उन्हात उडतात. त्यामुळे एकाच निगेटिव्हचे साउडेक यांचे दोन प्रिंट रंगाने वेगळे असू शकतात, आणि एक खरा तर दुसरा खोटा असा अर्थ त्यातून काढू नये.

‘रंगीत म्हणजे साउडेक, कृष्णधवल म्हणजे सुडेक’ ही सोपी खूण मात्र फसवी आहे. साउडेक यांचं सर्वांत ओळखीचं चित्र, उघड्या छातीशी तान्हं मूल धरलेला बाप, 1966 चं आणि कृष्णधवल आहे. त्यापेक्षा चौकोनी चौकट, माणूस आणि भिंत हे आधी पाहावं. सुडेक यांच्या नंतरच्या कामात माणूस क्वचितच येतो. त्यांचा प्रिंट दबक्या करड्यात बुडालेला असतो. स्क्रीनवर तो कुणी ‘सुधारून’ उजळला की त्यातला जीवच जातो. तारखेवर तर विसंबूच नये: साउडेक आपल्या काही चित्रांवर गंमत म्हणून शंभर वर्षं मागचं साल टाकतात. 1880 च्या दशकातलं साल आणि पोपड्यांची भिंत एकत्र दिसली तर तो जुना प्रिंट नव्हे.

वादाचा वाटाही एकट्या साउडेक यांचा. कुणाला ती चित्रं निव्वळ अश्लील वाटतात, कुणाला भडक आणि स्वस्त. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅलराट इथल्या छायाचित्र महोत्सवातून त्यांचं एक चित्र तक्रारीनंतर काढून घेण्यात आलं; त्यात आईसोबत लहान मुलगी होती. हा आक्षेप मी तरी झटकून टाकणार नाही, मोठ्यांच्या नग्न चित्रांपेक्षा तो वेगळा आहे.

चित्रपटाबद्दल थोडंच. दिग्दर्शन इरेना पाव्लास्कोवा यांचं, मुख्य भूमिकेत कारेल रोडेन. हा कथापट आहे, त्यातल्या घटना साउडेक यांचं चरित्र म्हणून कुठे उद्धृत करू नयेत. रोडेन यांचा अभिनय पाहावा, तंत्र शिकायला बसू नये. माहितीपट हवा असेल तर आडोल्फ झिका यांचा 2007 चा आहे. त्यात खुद्द साउडेक दिसतात. आणि कॉमिक्स काढणारे साउडेक सापडले तर ते काया, यान यांचे जुळे भाऊ, 2015 मध्ये वारलेले.

प्रागला गेलात तर सुडेक यांच्या नावाची दोन ठिकाणं आहेत आणि तीही एकमेकांत मिसळतात. उयेझ्द रस्त्यावरच्या इमारतीमागच्या अंगणातला लाकडी स्टुडिओ 1985 मध्ये जळाला. आज उभी आहे ती त्याची प्रतिकृती, आणि तिथे बहुतेक वेळा इतरांची प्रदर्शनं असतात. किल्ल्याजवळच्या ऊवोझ रस्त्यावर ते 1959 नंतर राहायला होते; तिथलं दालन उपयोजित कलांच्या संग्रहालयाचं आहे. प्रसिद्ध ‘खिडकी’ मालिका उयेझ्दच्या खिडकीची.