वॉल्टर इलियट आणि बेळगाव सीमाभागातली नाणी

सर वॉल्टर इलियट (१६ जानेवारी १८०३ – १ मार्च १८८७) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधले स्कॉटिश अधिकारी, दक्षिण भारतातल्या जुन्या नाण्यांचे मोठे जाणकार, शिलालेख गोळा करणारे, प्राण्यांचा अभ्यास करणारे आणि ख्रिस्ती धर्मावर मनापासून श्रद्धा असलेले लेखक. आपल्याकडं बेळगाव, खानापूर, बैलहोंगल भागात त्यांचं नाव निघालंच तर कित्तूरच्या लढाईत निघतं, ते पण राणीनं पकडलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांपैकी एक एवढंच. पुढं त्या माणसानं ह्याच मुलखात राहून काय काम केलं ते फारसं कुणी सांगत नाही, आणि खरं महत्त्व त्या कामाचं आहे.

जन्म एडिंबरोचा, घराणं रॉक्सबरोशायरमधल्या वुल्फली गावचं. हेलीबरी कॉलेजात कंपनीच्या नोकरीचं शिक्षण घेऊन १८२१ मध्ये मद्रासला उतरले, सेलमला कलेक्टरचे असिस्टंट म्हणून थोडे दिवस काढले आणि तिथून बदली झाली ती दक्षिण मराठा प्रांतात. पेशवाई १८१८ ला बुडाली तेव्हा धारवाड, बेळगाव, कित्तूर हा सगळा पट्टा कंपनीकडं आला आणि इंग्रज कागदपत्रांत त्याला दक्षिण मराठा प्रांत म्हणायला लागले. धारवाडला सेंट जॉन थॅकरे हे कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट होते, इलियट त्यांच्या हाताखाली आले.

१८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र वारले, पोटी मूल नव्हतं, दत्तक घेतला होता पण थॅकरेनी तो मानायचं नाकारलं आणि खजिन्यावर सील ठोकलं, पहारा बसवला. राणी चन्नम्मा यांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यातनं काही निघालं नाही. २३ ऑक्टोबर १८२४ ला किल्ल्याचा दरवाजा आतनं बंद झाला, थॅकरेनी तोफा लावल्या, तेवढ्यात कित्तूरचं सैन्य बाहेर पडलं आणि त्या धुमश्चक्रीत थॅकरे आणि हॉर्स आर्टिलरीचे अधिकारी मारले गेले. इलियट आणि स्टीव्हन्सन हे दोघे असिस्टंट जिवंत हाती लागले. इलियट तेव्हा २१ वर्षांचे. जवळजवळ सहा आठवडे ते कैदेत होते, २ डिसेंबरला सुटले, आणि लगेच कंपनीच्या फौजेनं हल्ला करून ५ डिसेंबरपर्यंत किल्ला घेतला. त्या लढाईत सोलापूरचे सब कलेक्टर मन्रो पण पडले. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं, १८२९ मध्ये तिथंच त्या गेल्या. संगोळ्ळी रायण्णानं त्यानंतर बंड केलं आणि १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातल्या नंदगडला त्याला फाशी झाली. हा इतिहास आपल्याकडं पोरासोरांना पाठ आहे, इथं एवढंच लक्षात घ्यायचं की ज्या गावात इलियट ओलीस होते त्याच परिसरात ते पुढं १८३३ पर्यंत काम करत राहिले. हा मुलूख त्यांनी टाळला नाही, उलट इथल्या देवळांत, पडक्या बस्त्यांत म्हणजे जैन देवळांत, तळ्यांच्या काठावर जाऊन तिथले दगड बघायला लागले.

शिलालेखांचं काम त्यातनं उभं राहिलं आणि ते समजल्याशिवाय त्यांचं नाण्यांचं काम कळत नाही. त्या काळात कॅमेरा नाही, ठसे घ्यायची पद्धत रुळलेली नाही, मग काय तर जुनी लिपी वाचता येणारे पंडित आणि लेखनिक बरोबर घ्यायचे, दगड धुवून काढायचा आणि अक्षर अक्षर वाचून कागदावर उतरवायचं. अशा ५९५ लेखांच्या नकला त्यांनी जमवल्या. बहुतेक लेख हळेकन्नड म्हणजे जुन्या कन्नडमधले आणि संस्कृतमधले. त्यावर आधारलेला त्यांचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये १८३७ च्या सुमारास छापून आला आणि चालुक्य, कलचुरी, यादव ह्या घराण्यांचे राजे कुणानंतर कोण अशी सलग मांडणी पहिल्यांदा युरोपातल्या अभ्यासकांसमोर आली. नकलांत चुका होत्या, डोळ्यानं वाचून हातानं लिहिलेल्या असल्यावर त्या असणारच, आणि नंतर शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी हेच जिल्हे पालथे घालून पुष्कळ लेख नव्यानं तपासून छापले. पण फ्लीटना सुरुवात करायला जे हातात मिळालं ते इलियट यांचंच होतं. सीमाभागात आपण मराठी माणसं भाषेच्या वादात वाढलो, त्यामुळं गावच्या देवळातला कन्नड लेख हा आपला नाहीच असं कितीतरी जण धरून चालतात. मला हे पटत नाही. गाव आपलं, देऊळ आपलं, मग त्या दगडावर काय लिहिलंय ते पण आपलंच आहे, कुठल्या का लिपीत असेना.

आता नाणी. जमिनीला जसा उतारा लागतो तसा जुन्या नाण्याला शिलालेख लागतो, नाहीतर ते कुणाचं, कधीचं, कुठं चालत होतं काहीच ठरत नाही. दक्षिणेतल्या जुन्या सोन्याच्या नाण्यांवर साल क्वचितच असतं, राजाचं नाव असलंच तर अर्धवट, बऱ्याच वेळा नुसतं चिन्ह, डुक्कर, सिंह, कमळ, हत्ती. इलियटनी आधी लेखांतनं राजे, त्यांची बिरुदं आणि त्यांची राजचिन्हं लावून घेतली आणि मग त्या आधारावर नाणी ओळखली. वराह हे चालुक्यांचं चिन्ह, हे लेखांत आणि ताम्रपटांच्या मुद्रांवर दिसतं, म्हणून वराहाचं नाणं चालुक्यांशी जोडता येतं. आज हे सोपं वाटतं, तेव्हा असं कुणी पद्धतशीर करत नव्हतं.

आपल्या भागाच्या नाण्यांत सगळ्यात देखणी कुठली असं मला विचारलं तर मी गोव्याच्या कदंबांची म्हणेन. ह्या घराण्याची दुसरी राजधानी खानापूर तालुक्यातली हलशी. शिवचित्त परमाडिदेव हा बाराव्या शतकातला त्यांचा राजा, त्याच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला ठसठशीत सिंह आणि दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरांत श्री सप्तकोटीश्वराच्या कृपेनं वर मिळाल्याचा मजकूर. हा सप्तकोटीश्वर म्हणजे तोच देव ज्याचं गोव्यातल्या नार्व्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये परत बांधायला लावलं. म्हणजे बघा, हलशीच्या राजाच्या नाण्यावरचा देव आणि महाराजांनी ज्याचा जीर्णोद्धार केला तो देव एकच, मध्ये पाचशे वर्षांचं अंतर. शिवचित्ताची राणी कमलादेवी, तिनं बांधलेलं कमलनारायणाचं देऊळ कित्तूरच्या जवळच देगावला अजून उभं आहे, त्यावरचं दगडी काम एकदा तरी जाऊन बघावं असं आहे.

त्याच्या आगेमागेची पद्मटंक नावाची नाणी पण ह्या पट्ट्यातली. पातळ सोन्याची चकती, मध्ये कमळाचा ठसा आणि कडेनं वेगवेगळे छोटे ठसे एकेक करून मारलेले, त्यामुळं नाणं वाटीसारखं खोलगट होतं. देवगिरीच्या यादवांनीही ही पद्धत वापरली. पुढं विजयनगरच्या काळात होन म्हणजे वराह स्थिरावला, वजन साधारण ३.४ ग्रॅम, त्याचा दहावा हिस्सा म्हणजे फणम, इतकं बारीक की चिमटीतनं निसटतं. इंग्रज ह्या होनाला पॅगोडा म्हणायचे. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन पाडला तो ह्याच दक्षिणेच्या परंपरेतला, आणि तांब्याची शिवराई तर आपल्या बाजारात महाराजांच्या नंतरही कित्येक पिढ्या चालली. मराठा काळात शहापूरचा शहापुरी रुपया होता, गोकाकला टांकसाळ होती, बेळगावचं मोगली नाव आझमनगर, ते नाव रुपयांवर येतं.

इलियट नाण्यांचे जाणकार आणि श्रद्धाळू ख्रिस्ती, त्यावरनं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, ती म्हणजे पुतळ्यांची माळ. जुन्या घरांत आजीच्या गळ्यात असायची ती. तिच्यातली पुतळी मुळात व्हेनिसच्या डुकाट ह्या सोन्याच्या नाण्यावरनं आलेली, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला संत मार्क उभे आणि त्यांच्यापुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त. व्यापारातनं हे सोनं पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं, चोख म्हणून सराफ डोळे झाकून घ्यायचे, आणि मग इथल्या सोनारांनी त्याच घाटाच्या पुतळ्या पाडायला सुरुवात केली. तुळशीला पाणी घालणाऱ्या बाईच्या गळ्यात ख्रिस्ताची मूर्ती, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

इलियट यांची स्वतःची श्रद्धा नुसती रविवारपुरती नव्हती. १८३३ मध्ये रजेवर घरी जाताना त्यांनी तांबड्या समुद्रावरनं इजिप्त, पॅलेस्टाईन, इस्तंबूल, अथेन्स, रोम अशी वाट धरली. ३ मे १८३४ ला, ईस्टरच्या आदल्या रात्री, ते जेरुसलेमच्या पवित्र समाधीच्या चर्चमध्ये इंग्रज प्रवासी रॉबर्ट कर्झन यांच्यासोबत हजर होते. पवित्र अग्नीचा विधी बघायला तुफान गर्दी, त्यात चेंगराचेंगरी झाली आणि शेकडो यात्रेकरू गेले. त्यातनंही ते वाचले. मद्रासला नंतरच्या काळात ते मिशनच्या कामाचे आणि इथल्या मुलांच्या शिक्षणाचे उघड समर्थक राहिले. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० पासून सुरू होतं, म्हणजे इलियट ह्या भागात होते तेव्हा इथं मिशन होतंच. तरी त्यांच्या लिखाणात शिवाचं देऊळ, जैन बस्ती, बौद्ध स्तूप ह्या सगळ्यांची नोंद सारख्याच काळजीनं केलेली आहे. आपल्या धर्मावर विश्वास ठेवूनही दुसऱ्याच्या देवळातला दगड जपता येतो हे त्यांच्याकडनं शिकण्यासारखं आहे, आणि हे मी फार मनापासून लिहितोय.

पुढची नोकरी आपल्या भागाबाहेर झाली. १८३६ नंतर मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे प्रायव्हेट सेक्रेटरी, १८३९ मध्ये माल्टाला लग्न, १८४५ पासून गुंटूर आणि उत्तर सरकार म्हणजे आंध्र किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांत कमिशनर, १८५४ पासून गव्हर्नरच्या कौन्सिलचे मेंबर आणि १८६० ला रिटायर. १८४५ मध्येच त्यांनी अमरावतीच्या स्तूपात खणून संगमरवरासारख्या दिसणाऱ्या कोरीव शिळा बाहेर काढल्या, त्या आधी मद्रासला आणि तिथनं लंडनला गेल्या, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्या इथंच राहायला पाहिजे होत्या असं माझं मत आहे, जरी त्या काळी तिथला दगड लोक चुना भाजायला नेत होते हे पण तितकंच खरं. प्राण्यांवरही त्यांनी लिहिलं, दक्षिण मराठा प्रांतातल्या सस्तन प्राण्यांचा त्यांचा कॅटलॉग १८३९ चा. धारवाडकडच्या एका रानउंदराच्या आणि दक्षिणेतल्या झाडचिचुंद्रीच्या शास्त्रीय नावात इलियट हे नाव आजही आहे.

नाण्यांवर ते १८५७-५८ पासून मद्रासच्या जर्नलमध्ये लिहीत होते, पण दक्षिण भारताच्या नाण्यांवरचं मुख्य पुस्तक आलं ते थेट १८८५-८६ मध्ये, ऐंशी पार केल्यावर, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. स्कॉटलंडमधल्या घरी बसून, दुसऱ्याकडनं वाचून घेत आणि सांगून लिहून घेत त्यांनी ते पुरं केलं. चालुक्य, कदंब, चोळ, पांड्य, विजयनगर अशी घराण्यांनुसार मांडणी आणि सोबत नाण्यांच्या चित्रांची पानं, असं ते पुस्तक. त्यातली कितीतरी अनुमानं नंतर बदलली, तरी कदंबांच्या नाण्यांवर लिहिणाऱ्याला अजून तिथनंच सुरू करावं लागतं. १ मार्च १८८७ ला सकाळी त्यांनी तमिळचे अभ्यासक आणि मिशनरी जी. यू. पोप यांना एक पत्र सांगून लिहून घेतलं, खाली स्वतःच्या हातानं सही केली, आणि त्याच दिवशी वुल्फलीला वारले.

हलशी, देगाव, सौंदत्ती, गोकाक ह्या भागात नांगरताना किंवा पाया खणताना जुनं नाणं सापडलं तर काय करायचं हे लोकांना नीट माहीत नसतं, म्हणून तेही इथं. चिंच लावून घासायचं नाही, त्यानं वरचा थर आणि त्यासोबत अक्षरं पण जातात. सोनाराकडं वितळवायला तर अजिबात द्यायचं नाही. नाणं कुठल्या सर्वे नंबरात, किती खोल, मडक्यात की सुटं, बरोबर अजून काय होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं आणि जाग्यावर फोटो काढायचा, कारण कुठं सापडलं हे एकदा हरवलं की नाण्याची अर्धी किंमत तिथंच गेली, अभ्यासाच्या दृष्टीनं म्हणतोय. निखात निधी म्हणजे जमिनीत पुरलेला ठेवा, त्याचा कायदा आहे, असा ठेवा सापडला तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं असतं. अर्जाची एक पोच मात्र सही-शिक्क्यासकट घेऊन ठेवावी.